मे महिन्यातली सोलरची साइट: दुपारी गच्ची बंद ठेवता का? आणि तो खर्च कोटेशनमध्ये दाखवता का?

बेसा_फिटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या पट्ट्यात घरगुती सोलरची कामं घेतो. छोटी टीम आहे, चार पोरं, त्यातले दोघं आयटीआय इलेक्ट्रिशियन.

आपल्या धंद्याची गोची सगळ्यांना माहीत आहे. नागपूरकराला सोलर आठवतं बिल हातात पडल्यावर, आणि बिल फुगतं कूलर-एसी लागल्यावर. एप्रिल संपता संपता फोन सुरू होतात. म्हणजे ज्या दिवसांत गच्चीवर पाय टेकवत नाही, नेमक्या त्याच दिवसांत वर्षभराची कामं अंगावर येतात. ४५ अंश हे सावलीतलं तापमान. उघड्या गच्चीवर जीआयचा पाइप हातात घेऊन उभं राहिल्यावर काय होतं ते इथं कोणाला सांगायला नको.

यंदा मी ठरवलंय. मे महिना आणि पाऊस येईपर्यंतचा जून, सकाळी साडेपाच ते अकरा, मग दुपारी साडेचारपासून उजेड असेपर्यंत. मधल्या वेळात गच्ची बंद. पोरांची रोजी पूर्ण. कठड्याजवळ किंवा उंच स्ट्रक्चरवर काम असेल तर अंगभर हार्नेस, नुसता कमरेचा पट्टा नाही.

अडचण पैशाची आहे. तीन किलोवॅटचं जे काम थंडीत दीड-दोन दिवसांत उरकतं ते मेमध्ये चार दिवस खातं. गिऱ्हाईक म्हणतं, शेजारी तर एका दिवसात लावून गेले. खरंच लावून जातात, तेही भर दुपारी. तुम्ही हा वाढीव खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवता की स्वतःच सोसता? आणि तुमच्या वेळा काय आहेत?

वायरमन_महाल

भाऊ, अकरालेच उतरवून देत जाय पोराईले. कोणी काही म्हणो.

मी हाउस वायरिंगमधून इकडे आलो, म्हणून एक गोष्ट नव्या पोराईले पहिल्याच दिवशी सांगतो. घरातली लाइन मेन स्विच पाडला का बंद होते. पॅनलले बटन नाही. सूर्य उगवला का ते चालू. साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल एका ओळीत जोडले का तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होते, अन् एसीची ठिणगी विझते तशी डीसीची विझत नाही. एसी सेकंदाले शंभर वेळा शून्यावर येते, डीसी येतच नाही. आता घामानं भिजलेला हात, डोळ्यात घाम, डोकं गरगरून राहिलं, अन् तो पोरगा एमसीफोर कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडायचा प्लग, लावून राहिला. अर्धवट बसला तर आज काही होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तोच कनेक्टर तापून वितळते.

म्हणून स्ट्रिंगचं, म्हणजे त्या ओळीचं, शेवटचं कनेक्शन मी फक्त सकाळी करतो, डोकं ठिकाणावर असताना.

डिझाइनवाली

बेसा_फिटर दादा, वेळा योग्य आहेत. मी आराखडे आणि साइट तपासणी करते. उन्हात घाईनं केलेलं काम कुठं कुठं फसतं ते मला पावसाळ्यात दिसतं, त्यातलं थोडं लिहिते.

पहिलं, पेडेस्टल, म्हणजे स्ट्रक्चरचे पाय ज्यावर बसतात ते काँक्रीटचे ठोकळे. गच्चीवर काँक्रीट ओतून लगेच दुसऱ्या दिवशी त्यावर स्ट्रक्चर उभं करणं मेमध्ये सर्रास चालतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साधं सिमेंट असेल तर सात दिवस ओलं ठेवायला सांगतं, आणि कोरडी-गरम हवा असेल तर दहा दिवस. नागपूरचा मे म्हणजे तीच हवा. गोणपाट टाकून पाणी मारायला कोणी थांबत नाही, मग पेडेस्टलच्या कडा हातानं खरवडल्या तरी वाळू सुटते. आपल्या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ मध्ये सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे तासाला जवळपास १५८ किलोमीटर. तेवढा वारा रोज येत नाही. पण मेअखेरचं एखादं वादळ उंच स्ट्रक्चरखाली शिरलं की पॅनल छत्री उलटावी तसं वर उचलतं, आणि ते सगळं ओझं त्या भुसभुशीत काँक्रीटमधल्या बोल्टवर येतं. थांबायला वेळ नसेल तर आधीच तयार करून मुरवलेले ब्लॉक आणावेत. मी आता उन्हाळ्यातल्या कामांना तोच आग्रह धरते.

दुसरं, केबलचे प्लास्टिक टाय. पांढरे टाय दोन उन्हाळ्यांत बोटानं मोडतात. मग केबल पॅनलच्या खाली लोंबकळते, वाऱ्यानं कठड्यावर घासते, आणि वरचं कवच जातं. ऊन सोसणारे काळे किंवा स्टीलचे टाय वापरले तर फरक फार तर काहीशे रुपयांचा पडतो. हे काम पॅनलखाली वाकून, जवळजवळ झोपून करावं लागतं. दुपारी दोन वाजता तिथं कोणी झोपणार नाही, म्हणून दोन टायच्या जागी एकच लावला जातो.

तिसरं, इन्व्हर्टर. पश्चिमेच्या भिंतीवर उघड्यावर लावू नका. बहुतेक इन्व्हर्टर आजूबाजूची हवा ४५ अंशांच्या पुढं गेली की स्वतःहून पॉवर उतरवतात. जिन्याच्या टोपीखाली लावला तर केबल थोडी जास्त लागते, तेवढी लावावी.

हिंगणा_ठेकेदार

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं बोलतो. पूर्ण रोजी देऊन दुपारी चार-पाच तास काम बंद ठेवणं मोठ्याला जमतं. लहान ठेकेदाराला मजुरी वॅटमागे मिळते, दिवसामागे नाही. वरची कंपनी मला मेसाठी एक पैसा जास्त देत नाही. मी बंद ठेवलं तर ते काम दुसऱ्याला देतात. पोरंही ठेक्यावर आहेत, त्यांनाच लवकर उरकून पुढची साइट पकडायची असते. मी थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत.

गच्चीवरचा

मी तोच पोरगा आहे. म्हणजे तुमच्याकडचा नाही दादा, पण ठेक्यावर काम करणारा. भंडाऱ्याकडचा आहे, नागपूरच्या वाडीत खोली घेऊन राहतो. धागे वाचतो नेहमी, लिहीत नाही. आज लिहितो.

आम्ही थांबत नाही कारण थांबून जायचं कुठं, हा पहिला प्रश्न आहे. अकराला उतरलो तर साडेचारपर्यंत बसायचं कुठं? खोलीवर जाऊन यायचं तर पेट्रोल आमचं. गिऱ्हाइकाच्या घरात बसायला कोणी म्हणत नाही आणि आम्हाला पण बरं वाटत नाही. पार्किंगमध्ये बसलो तर चौकीदार विचारतो कोण तुम्ही. मग वाटते, त्यापेक्षा वर राहून काम संपवलेलं बरं. एका घरी आजीनं पोर्चमध्ये कूलर लावून दिला, सतरंजी टाकली, माठातलं पाणी आणि दोनदा ताक दिलं. त्या घरी आम्ही दुपारी निजलो आणि संध्याकाळी जे काम केलं ते आजपर्यंतचं सर्वात सरळ काम आहे. सगळे क्लॅम्प एका रेषेत. फोटो अजून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट हार्नेसची. पोरं हार्नेस घालत नाहीत असं सगळे म्हणतात. घालून हूक कुठं अडकवायचा? कठड्याला? पाण्याच्या टाकीच्या पाइपाला? दोर बांधायला जागाच नसली तर हार्नेस नुसता अंगावर ओझं. आधी लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायचा दोर, कुठं बांधायची ते कोणी ठरवून दिलं तर आम्ही घालू. आणि दोघांमध्ये एक हार्नेस देऊ नका. दुसऱ्याच्या घामानं ओला झालेला कोणी घालत नाही.

तिसरी गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातला एक जण शिडीवर असताना काहीतरी भलतंच बोलायला लागला. आम्हाला वाटलं गंमत करतो. अंग हाताला चटका लागेल इतकं गरम होतं. खाली आणून ओलं केलं, गाडीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं, वाचला. ठेकेदाराने त्या दिवसाचे पैसे कापले. नाव घेत नाही. पण हिंगणा दादा, आम्हाला लवकर उरकायचं असते हे अर्धंच खरं आहे. दोन साइटी केल्या तरच रोजीएवढे पैसे पडतात, म्हणून उरकायचं असते.

डिझाइनवाली

गच्चीवरचा, लिहिलंस ते फार बरं झालं. तुझ्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आमच्याकडं आहे, तुमच्याकडं नाही. अँकर, म्हणजे दोर बांधायची पक्की जागा, कुठं, लाइफलाइन कुठून कुठं, हे आराखड्यात यायला हवं. सर्व्हेला जाते तेव्हा मी सावली मोजते, टाकी मोजते. अँकरची जागाही त्याच वेळी पाहता येते: स्लॅबमधून वर आलेला कॉलम, जिन्याच्या टोपीचं बीम. ते नसेल तर कठड्यापासून दीड मीटर सोडूनच पॅनल बसवायचे, मग एखादं पॅनल कमी बसलं तरी चालेल. पुढच्या आराखड्यापासून ही खूण टाकते.

आणि सगळ्यांसाठी. बोलणं असंबद्ध झालं की ती उष्माघाताची खूण आहे, चेष्टा समजू नका. काहींचा घाम थांबतो, काहींना येतच राहतो, त्यामुळं घामावरून ठरवू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी आणि वारा, मान-काखा-जांघेत बर्फ किंवा ओलं फडकं, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून जीवावर बेततं.

वायरमन_महाल

पोरा, तुया पैसे कापणाऱ्याचं नाव नाही घेतलं ते तुयं मोठेपण. पण त्याच्याकडे परत जाऊ नको.

प्रतापनगर_ग्राहक

मी धंद्यातला नाही, धागा शोधत इथं आलो. तीन किलोवॅटची दोन कोटेशनं आहेत, फरक वीस हजारांचा. पॅनल दोन्हीकडं भारतीय सेलचेच, इन्व्हर्टर एकाच कंपनीचा. मग वीस हजार कशाचे? खरंच विचारतोय, घासाघीस करायला नाही.

बेसा_फिटर

काका, प्रश्न अगदी बरोबर विचारला. पीएम सूर्यघर योजनेच्या सब्सिडीसाठी सेल आणि पॅनल दोन्ही देशी लागतात, त्यामुळं तिथं कोणालाच फारसं वाचवता येत नाही. वाचतं ते चार ठिकाणी. स्ट्रक्चरचं गॅल्व्हनायझिंग म्हणजे जस्ताचा थर, ८० मायक्रॉन लिहून मागा. केबल. अर्थिंग. आणि माणूस.

अर्थिंगचं खास सांगतो. वीजरोधकाचं (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा लाइटनिंग अरेस्टर) वेगळं, डीसी-स्ट्रक्चरचं वेगळं आणि एसीचं वेगळं, असे तीन खड्डे हवेत. स्वस्तातल्या कामात वर तीन पट्ट्या दिसतात आणि खाली एकाच रॉडला जाऊन मिळतात. अंगणात उभं राहून मोजा. रीडिंग ५ ओहमच्या आत हवं, आणि ते तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

आणि माणूस म्हणजे हाच धागा. कमी कोटेशनवाल्याला विचारा, तुमची माणसं दुपारी काय करतात. उत्तरावरून कळेल.

काटोल_पंपवाला

अर्थिंगवर एक भर. मी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतली कामं करतो, काटोल-नरखेडकडं. तिथं शेतकऱ्याला फक्त १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, त्यामुळं अर्ज भरपूर आणि काम बारमाही. काळ्या मातीत दिवाळीला घेतलेलं अर्थिंगचं रीडिंग मेमध्ये टिकत नाही. भेगा पडतात, रॉडभोवतीची माती सुटते, ओहम वाढतो. आम्ही आता खरं रीडिंग मेचंच मानतो. शहरात बेसा-हुडकेश्वरकडंही बरीच जमीन काळीच आहे, तेव्हा खड्ड्यात पाणी घालायला पाइप ठेवा आणि घरच्यांना उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घालायला सांगा.

वेळेबद्दल: शेतात सावली म्हणजे विहिरीजवळचं एखादं झाड. आम्ही पाचला सुरू करतो आणि दहालाच थांबतो. संध्याकाळी परत जात नाही, लांब पडतं.

कोराडी_रोड

आमच्या बाजूला राखेचा थर बसतो, कोराडी आणि खापरखेडा ही दोन्ही औष्णिक वीजकेंद्रं जवळ. म्हणून धुण्याची कामं खूप येतात. इथंही दुपारचाच प्रश्न. गिऱ्हाईक म्हणतं, बारा वाजता या, तेव्हा वेळ असतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, धुणं उजाडतानाच. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा हात साध्या गोड्या पाण्याचा, नाहीतर पांढरे डाग राहतात. एवढंच.

अर्ज_टेबल

मी सब्सिडीच्या पोर्टलचे अर्ज, महावितरणची कागदपत्रं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) हे सगळं पाहते. गच्चीवर मी जात नाही, त्यामुळं हार्नेसबद्दल बोलणार नाही. पण मेमधली गर्दी मोडता येते, आणि ती मोडली तर तुमची अर्धी भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं.

बघा. नेट मीटरमध्ये उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की मार्चअखेर हिशेब होतो. एप्रिलला पाटी कोरी. आपल्या शहरात खरी वीज लागते एप्रिल-मे-जूनमध्ये, आणि मार्च ते मे ऊनही भरपूर. तापल्यामुळं पॅनल थोडं कमी देतं ते डिझाइनवाली ताई सांगतील. तरी घरच्यांना फायदा कधी? जानेवारी-फेब्रुवारीत लावलं तर पहिल्याच एप्रिलपासून बनलेली वीज थेट कूलरला जाते. मेमध्ये फोन केला तर सर्व्हे, अर्ज, बँक, काम, मीटर होईपर्यंत ढग आलेले असतात. माणूस पहिलं वर्ष जुलै-ऑगस्टच्या युनिटांवरून सोलरला नावं ठेवतो.

म्हणून मी डिसेंबरपासूनच जुन्या चौकशीवाल्यांना फोन लावते. शेवटची तीन उन्हाळी बिलं समोर ठेवायला सांगते. गेल्या मेचं बिल पाहिलं की थंडीतही होकार येतो.

महाल-इतवारीकडच्या घरांना तर आधी यावंच लागतं. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, आधार आणि बँक नातवाच्या नावावर. सब्सिडी थेट ग्राहकाच्या खात्यात येते, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, तीन आणि पुढं कितीही असो एकूण ७८,०००. नाव जुळलं नाही की अडकली. नावबदल करून घ्यायला घरात कागद शोधावे लागतात, भावाभावांच्या सह्या लागतात. तांत्रिक तपासणीची अट १० किलोवॅटपर्यंत २०२४ पासून नाही, त्यामुळं आता उशीर बहुतेक या घरगुती कागदांचाच.

आणखी एक, बेसा दादांच्या खर्चाच्या प्रश्नाला धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सामान-सेवा ७०:३० धरून पूर्ण कामावर आधी १३.८ टक्के पडायचा, आता ८.९. दीड लाखाच्या मूळ किमतीवर सात हजारांहून जास्त फरक. आमच्याकडच्या कोटेशनांत तो सगळा भाव पाडण्यात गेला. त्यातले दोन हजार जरी गच्चीवरच्या माणसांसाठी ठेवले असते तरी ग्राहकाला आधीपेक्षा स्वस्तच पडलं असतं.

डिझाइनवाली

ताई, तापण्याचं सांगते. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मेच्या दुपारी पॅनल सहज ६५ वर जातं. अंशामागे ०.३ ते ०.३५ टक्के घट धरली तर १२ ते १४ टक्के कमी. तरी दिवस मोठा आणि आकाश मोकळं, त्यामुळं महिन्याची युनिटं पावसाळ्यापेक्षा बरीच जास्त. पॅनलखालून हवा खेळती ठेवा, स्लॅबला चिकटवून लावू नका.

बाकी हंगाम हलवण्याचा मुद्दा मला सगळ्यांत पटला.

हिंगणा_ठेकेदार

हंगाम हलला तर मलाही हवंच आहे. थंडीत माझी माणसं रिकामी बसतात आणि मेमध्ये मरमर. पण वरच्या कंपनीला कोण सांगणार?

गच्चीवरचा, तुझं वाचलं. जागेचा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या टीमची दुपारची सोय गिऱ्हाइकाशी बोलून आधीच ठरवता येईल, त्याला पैसे लागत नाहीत. तेवढं या आठवड्यापासून करतो. पूर्ण रोजीचं आज कबूल करत नाही, कारण देऊ शकलो नाही तर खोटं पडेल. दोन साइटींऐवजी एकच साइट आणि वॅटमागचा दर उन्हाळ्यापुरता वाढवून, असं वरच्यांकडं लेखी मागतो.

प्रतापनगर_ग्राहक

आमच्या घराला खाली मोकळी खोली आहे, पंखा आणि कूलर दोन्ही. कोणी सांगितलं असतं तर आम्ही स्वतःहून म्हटलं असतं. ग्राहकाला हे कळतच नाही की माणसं दुपारी कुठं जातात. कोटेशनमध्ये लिहा ना, ‘दुपारी बसायला सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी ग्राहकाकडून’. नव्वद टक्के लोक नाही म्हणणार नाहीत.

जास्तीचं कोटेशन घेतोय. त्यांनी दुपारी बारानंतर काम करत नाही असं फोनवरच सांगितलं.

बेसा_फिटर

काका, धन्यवाद. तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलतो.

सगळ्यांचं वाचून कोटेशनमध्ये घालायचा मजकूर तयार केलाय. काही चुकलं असेल तर सांगा, सोमवारपासून हाच जाणार:

‘१ मे ते पाऊस सुरू होईपर्यंत गच्चीवरचं काम सकाळी ५.३० ते ११ आणि दुपारी ४.३० नंतर. या काळात कामाला दोन दिवस जास्त लागतील. दुपारी बसायला सावलीची जागा व पिण्याचं पाणी ग्राहकाकडून. लाइफलाइनसाठी अँकरची जागा सर्व्हेच्या आराखड्यात दाखवली आहे. उन्हाळी वेळापत्रक, हार्नेस व लाइफलाइन यांचा खर्च खाली वेगळ्या ओळीत आहे, त्या ओळीत सूट दिली जाणार नाही. अर्थिंगचं रीडिंग ग्राहकासमोर घेऊन कागदावर सही.’

आणि जानेवारी-फेब्रुवारीत काम दिलं तर ती वेगळी ओळ निम्मी. अर्ज_टेबल ताईंच्या मुद्द्यावरून हे सुचलं.

डिझाइनवाली

हार्नेसपुढं ‘आयएस ३५२१’ लिहा, आणि ‘प्रत्येक माणसाला स्वतंत्र’ हे शब्द घाला. पेडेस्टलचं राहिलं: ‘जागेवर ओतल्यास दहा दिवस ओलं ठेवणार, अन्यथा तयार ब्लॉक’.

गच्चीवरचा

बेसा दादा, ‘सावलीची जागा’ लिहिलं तिथं ‘संडास’ पण लिहा. मुली पण येतात आता कामाला, आमच्यासोबत एक आहे, सूर्यमित्र म्हणजे सोलर बसवायचा कोर्स केलेली. ती दिवसभर पाणीच पीत नाही, जायला जागा नाही म्हणून. उन्हात पाणी न पिता.

बेसा_फिटर

लिहितो. आताच घालतोय. सुधारलेला मजकूर उद्या संध्याकाळी इथंच टाकतो, ज्याला हवा त्याने आपल्या नावानं वापरावा.